म्हातारीची मान

उगाच बढाई म्हणून सांगत नाही, पण जुन्या वस्तूचं वय आणि किंमत काढावी तर मीच! विमा कंपनीत ठोकलेल्या गाड्यांची किंमत ठरवायचं काम आहे माझं. बॉनेट चेपलंय, दारं लोंबतायत, अशी गाडी समोर आली की मी तिच्याभोवती एक फेरी मारतो आणि आकडा सांगून मोकळा होतो. आजवर एकाही गाडीने माझ्या बोलण्याला हरकत घेतलेली नाही. मालक घेतात; पण मालकांचं काय घेऊन बसलात!

सासरे गेल्यानंतर सासूबाई आपलं घर आवरून आमच्याकडे राहायला आल्या. सामानात एक लांबलचक काळी पेटी होती. लिफ्टमध्ये ती उभी राहिली आणि मी जिन्याने आलो.

"आई, ह्या पेटीचं काय करायचं?"

"असू दे. ठेवा कुठेतरी," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मी पेटी उघडली. आत इलेक्ट्रिक बेस गिटार! चार जाडजूड तारा, तपकिरी अंग, कडेला रंगाचे टवके उडालेले. सासऱ्यांचा शौक, दुसरं काय! आमचे सासरे म्हणजे इतके अबोल, की त्यांच्यापेक्षा कपाट जास्त कुरकुरायचं. अबोल माणसांचे शौक हे असेच जाड आवाजाचे असतात. मनात आलं, गपचूप हिची किंमत काढावी, चांगल्या भावाने विकावी आणि पैसे सासूबाईंच्या हातावर ठेवावेत. जावई असावा तर असा!

जुन्या वाद्यांचा एक दुकानदार शोधून काढला आणि त्याला फोटो आणि घरचा पत्ता पाठवला. तासाभरात त्याचाच फोन आला. मी पेचकस घेऊन बसलोच होतो. हात मोकळे हवेत म्हणून फोन स्पीकरवर टाकला. इथेच घोटाळा झाला.

"म्हातारी झकास आहे हो!" दुकानदार म्हणाला. "वय किती?"

"ते तुम्हीच सांगायचं!"

"वरवर बघून नाही कळत. मान काढावी लागेल. मानेच्या मुळाशी, जिथे ती धडात बसते ना, तिथे कारखान्याची तारीख असते. मग पोट उघडायचं. आतल्या भागांवरही आकडे असतात. सगळं एकमेकांशी जुळलं तर सोनं, नाही तर लाकूड."

"मग काढतोच मान! त्याआधी जरा घासूनपुसून घेऊ का? भांड्यांची पावडर आहे घरात."

"अजिबात नको! म्हातारीला अंघोळ घातलीत की किंमत निम्म्यावर आली! मळ जितका जुना तितका भाव."

"बरं झालं सांगितलंत. बायको ऑफिसातून यायच्या आत उरकतो. तिला एकदम धक्का देतो!"

"अस्सल निघाली तर मी आजच उचलतो."

"उचला की! नुसती अडगळ झालीय घरात!"

दाराबाहेर कपबशी किणकिणली. मला वाटलं, मांजर. पण मांजरं चहा घेऊन येत नाहीत, हे मला सुचायला हवं होतं.

मी कामाला लागलो. स्क्रू गंजलेले. एकेक स्क्रू काढताना माझ्या तोंडातून जे शब्द निघाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. शेवटचा स्क्रू हलायला लागला तेव्हा दुकानदार फोनवर ओरडला, "अहो, तारा सैल केल्यात ना आधी?"

"कुठल्या ता..."

सण्ण! ताणलेल्या तारांनी मान अशी भिरकावली, की ती माझ्या कानाजवळून सुसाट गेली आणि जमिनीवर आपटून पलंगाखाली शिरली. तीन तारा निसटल्या आणि चौथी तुटून सटकन माझ्या कपाळावर बसली.

"मेलो! म्हातारीची मान उडाली!" मी बोंब ठोकली.

त्याच क्षणी दार धाडकन उघडलं. दारात शेजारचे फौजदारकाका, हातात काठी. काका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ते त्यांच्या आवाजाला अजून कुणी कळवलेलं नाही. त्यांच्या मागे लाटणं उगारलेल्या सासूबाई. आणि त्यांच्या मागे गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र लटकवलेली, धापा टाकणारी बायको. सासूबाईंनी फोन करून तिला अर्ध्या कामावरून बोलावून घेतलं होतं.

"हात वर!" काका गरजले. "मान कुठे आहे?"

"पलंगाखाली," मी खरं ते सांगितलं.

"आणि धड?"

"हे काय, मांडीवर!"

"अरे, पण आई तर इथे धडधाकट उभी आहे!" बायको किंचाळली. "मग कुणाला मारलंस?"

मी धड वर करून दाखवलं. सगळे बघतच राहिले. सासूबाईंचं लाटणं खाली आलं. त्या हळूच फरशीवर बसल्या, ते धड माझ्याकडून घेतलं आणि तान्हं मूल घ्यावं तसं मांडीवर ठेवलं. तुटकी तार त्यांनी बोटाने बाजूला केली.

"माझी आहे ही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे... बाबांची नाही?" मी चाचरत विचारलं.

"त्यांना साधी शिट्टी वाजवता येत नव्हती! मी वाजवायचे. लग्नाआधी, ऑर्केस्ट्रात."

"आई! तू?" बायको मटकन पलंगावर बसली. "मला कधी बोलली नाहीस!"

"तू कधी विचारलंस? 'माझा डबा कुठाय' ह्यापलीकडे तुझा प्रश्न जायचा का?" मग त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "आणि जावईबापू, अडगळ म्हणजे नक्की कोण? ही, का मी?"

"ही! म्हणजे... हीसुद्धा नाही! म्हणजे कुणीच नाही, आई!" धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मी पलंगाखाली शिरलो. मान काढायला म्हणून, पण जमेल तितका वेळ आतच राहिलो.

बाहेर आलो तोवर दुकानदार हजर! फोनवर 'मेलो' ऐकून आला होता. माझ्या काळजीने आलाय असं मला वाटलं, पण आल्या आल्या त्याने विचारलं, "मानेला चीर नाही ना गेली?"

नव्हती. त्याने भिंग काढलं. मानेचं मूळ पाहिलं. पोट उघडलं, आतल्या वायरी पाहिल्या. चेहरा पडत गेला.

"ही एक गिटार नाही हो, हे एकत्र कुटुंब आहे! धड एकीकडचं, मान भलतीकडची, बटणं तिसऱ्याच कुणाची. एका भागाचं दुसऱ्याशी पटत नाही."

"पटेल कसं?" सासूबाई म्हणाल्या. "बटणं आमच्या ढोलकीवाल्याने रेडिओची बसवलीत. आणि पहिली मान ह्यांच्या डोक्यावर मोडली."

"बाबांच्या?" बायकोचे डोळे विस्फारले.

"ते त्या सभागृहाचे व्यवस्थापक. वेळ संपली म्हणून सांगायला स्टेजवर आले आणि मी नेमकी वळले! दवाखान्यात मीच घेऊन गेले. त्यांना टाके पडले, मला स्थळ मिळालं." सासूबाई जराशा हसल्या. "ही दुसरी मान त्यांनीच कुठूनशी शोधून आणली. लग्नाची भेट. म्हणाले, 'वाजवत जा.' मग संसारात राहूनच गेलं. ते मात्र दरवर्षी पेटी पुसून ठेवायचे."

दुकानदाराने भिंग मिटलं. "बाजारात हिला काही भाव नाही यायचा, मावशी."

"मी विकते म्हणाले कधी?"

मग त्यांनीच मान बसवली. मी स्क्रू धरून उभा होतो; पेचकस माझ्या हातात द्यायला कुणी तयार नव्हतं. दुकानदाराने गाडीतून नवी तार आणि अँप्लिफायर आणला. सासूबाईंनी खुंट्या पिळल्या, कान लावला आणि वाजवायला लागल्या. सुरुवातीला बोटं अडखळली. मग जी धरली लय! खिडकीची तावदानं गुणगुणायला लागली, मांडणीवरचे पेले कडेकडेने चालायला लागले. फौजदारकाकांची काठी कधी ताल धरून बसली ते त्यांनाही कळलं नाही. बायको रडत होती आणि मोबाइलवर चित्रीकरणही करत होती.

"मावशी," दुकानदार हात जोडून म्हणाला, "आमच्या बँडला बेस वाजवणारं कुणी टिकत नाही. शनिवारी तालमीला याल?"

सासूबाईंनी आधी मुलीकडे पाहिलं, मग गिटारीकडे. "येईन. पण कुणाच्या डोक्याची हमी देणार नाही."

शनिवारी मीच त्यांना घेऊन गेलो. एका खांद्यावर पेटी, दोन्ही हातांत दुकानदाराने सरावासाठी ठेवलेला अँप्लिफायर आणि बगलेत वायरींचं भेंडोळं. तालमीच्या खोलीत पोचेपर्यंत माझी कंबर माझी राहिली नव्हती. ड्रम वाजवणाऱ्याने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

"मावशी, हमाल कुठून मिळवलात? आमच्याकडे तर कुणी टिकतच नाही."

मी मोठ्या आशेने सासूबाईंकडे पाहिलं.

त्या तारा जुळवण्यात गुंग होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मुलीने आणलाय. परत घेत नाहीत म्हणे!"