विटेमागं वीत

लग्नाच्या पंगतीत बसले की गुलाबराव आधी पानातल्या भाताची टेकडी करत. तिच्या टोकावर शेंगदाणा ठेवून शेजारच्याला सांगत, "इथून तोफ चालली त तुमची जिलेबी काही वाचत नाही." शेजारचा घाईघाईनं जिलेबी खाऊन टाकी.

अमरावतीत साठ सालच्या आसपास ते आमचे शेजारी होते. जिनिंग फॅक्टरीत हेडक्लार्क, पण वेड लढाईचं. लढाई घरातल्या तख्तपोसावर, म्हणजे बसायच्या रुंद लाकडी पाटावर चाले. मातीचे बोटभर शिपाई, मातीच्याच तोफा, आणि डोंगर म्हणून विटा. सपाटीवरची तोफ एक वीत मारा करणार. एका विटेवर चढवली की दोन विती, दोन विटांवर तीन. "विटेमागं वीत" हा त्यांचा कायदा. वीत त्यांच्या हाताची, आणि समोरच्याच्या तोफेचं माप घेताना ती आखडे. घर त्यांचं, विटा त्यांच्या, त्यामुळे डोंगरही त्यांचाच.

मी एकदाच खेळलो. तिसऱ्या चालीला मेलो. उरलेली दुपार ते मला मी का मेलो ते समजावत होते. त्यानंतर रविवारी त्यांची चाहूल लागली की मी घोरायला लागायचो. टिकले ते फक्त तायडे मास्तर. शाळेत गणित शिकवत आणि हरायला भीत नसत.

एका रविवारी मास्तरांनी आपले सगळे शिपाई डोंगराच्या विटांना खेटून उभे केले. गुलाबरावांनी वीत टाकली. "मेले सारे!"

"कसे मेले? तुमच्या तोफेले आमी दिसतोच कुठं?"

"उंचावरून सारं दिसते, मास्तर."

"गच्चीवरून भिंतीखालचं कुत्रं दिसते का? चढा अन् पाहा."

गुलाबराव खरंच चढले, हातात ओल्या मातीचा गोळा घेऊन. मास्तर खाली भिंतीला पाठ चिकटवून उभे राहिले. गुलाबराव कठड्यावरून इतके ओणवले की आधी त्यांची टोपी खाली आली, मग गोळा. तो मास्तरांना सोडून माझ्या वाळत घातलेल्या धोतरावर बसला. अख्खी गल्ली हसली. तेवढ्यावर मिटलं असतं, पण वरून आवाज आला, "मास्तरनं पोट आत घेतलं! बेइमानी हाय हे!"

बेइमान हा शब्द मास्तरांना झोंबला. ते तसेच निघून गेले, आणि मग आलेच नाहीत.

"भेला तो. पयाला," गुलाबराव मला सांगत.

पण रविवारी फौजा मात्र दोन्ही मांडत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक दर्यापूरला दिलेली. आपली चाल झाली की उठून पलीकडे जाऊन बसत आणि मास्तरांची चाल चालत. आम्ही खिडकीतून बघत असू.

"कोण जिंकून राहिलं, गुलाबराव?" मी मुद्दाम विचारी.

"चालू हाय अजून," ते मान वर न करता म्हणत.

दिवाळी झाली. एका रविवारी त्यांनी मला आत बोलावलं. तख्तपोसावर एकही वीट नव्हती. दोन्ही फौजा सपाटीवर समोरासमोर उभ्या.

"मास्तरले सांगजा," ते शिपायांची रांग सरळ करत म्हणाले, "डोंगरच काढून टाकला म्हना. आता कोनी उंच नाही, कोनी खाली नाही. आता त येतीन ना ते?"

मी निरोप दिला. मास्तरांनी खुंटीवरचा कोट घेतला आणि माझ्यासोबत आले. दारातच थबकून त्यांनी तख्तपोस पाहिला.

"हे काय करून ठेवलं? इथं का कबड्डी खेळाची हाय?"

मास्तर मागच्या अंगणात गेले, दोन विटा उचलून आणल्या आणि दोन्ही गुलाबरावांच्या बाजूला ठेवल्या.

गुलाबरावांनी त्यातली एक हळूच मास्तरांच्या बाजूला सरकवली. "चहा ठेवतो," म्हणाले आणि आत गेले.

बराच वेळ झाला, आतून स्टोव्हचा आवाज काही आला नाही, नाक शिंकरल्याचा मात्र आला. मास्तरांनी मला खुणेनंच गप्प बसायला सांगितलं आणि आपली तोफ विटेवर चढवली.