कवटीतल्या भिंतीबाबतचा ठराव

मांसाहारी प्राण्याची जात दातांवरून ठरवू नये. दात सगळेच दाखवतात. जात ठरते कानावरून. कानाच्या मुळाशी हाडाचा एक पोकळ फुगा असतो. त्यात आडवी भिंत असून दोन खोल्या झाल्या असतील, तर प्राणी मांजराच्या कुळातला. एकच ऐसपैस खोली असेल तर कुत्र्याच्या. निसर्गाने हा फुगा निरनिराळी हाडं जुळवून बनवला आणि त्या कामात कित्येक लाख वर्षं घालवली (निसर्गाला सभा घेता येत नाहीत).

इंडोनेशियातल्या जावा बेटावर, सोलो नदीकाठच्या संग्रहालयाला मात्र त्या घेता येतात. तिथे मतदान हा असभ्यपणा समजतात, कारण त्यात कुणीतरी हरतं. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं, ही रीत. शास्त्राच्या इतिहासात इतक्या वेळा एकमत झालेली दुसरी संस्था नसेल.

संग्रहालयातले सर्वात ज्येष्ठ म्हणजे बापाक (बाबा) सुगेंग. तरुणपणी त्यांना नदीत एक कवटी सापडली. हा कुत्र्यांचा मूळपुरुष, असं त्यांनी जाहीर केलं. जिल्ह्याने लगेच संग्रहालयाच्या फाटकावर शेपूट उंचावलेला सिमेंटचा कुत्रा बसवला. सगळं सुरळीत चाललं होतं. मग कंत्राटावरच्या तरुण संशोधिका वेनिंगने ती कवटी इस्पितळात नेऊन तिचा स्कॅन काढला. आत भिंत निघाली. म्हणजे प्राणी मांजराकडचा, उदमांजराचा कुणी चुलता.

सभा भरली. विषय दोन होते: भिंत, आणि वेनिंगचं कंत्राट पुढे चालू ठेवणं. (त्यांचा एकमेकांशी संबंध नाही, असं आधीच एकमताने ठरलं होतं.)

"न्दुक, पोरी, भिंत जाड आहे की पातळ?" बापाकनी मायेने विचारलं.

"पातळ आहे, बापाक."

"बघा! तीच म्हणते पातळ आहे."

"एवढी पातळ असेल तर तिला पडदाच म्हणू या," संचालिका इबू एंदाह म्हणाल्या. "पडदा काय, सरकवता येतो."

"इबू, ते हाड आहे. ते कसं सरकणार?"

"अगं, हाड केव्हाच मेलंय. बापाकना मात्र रक्तदाब आहे."

टेबलावरचे केळीच्या पानातले भाताचे लेंपर संपले. कुणी आवाज चढवला नाही. सगळे नुसते हसत वेनिंगकडे बघत राहिले. तिच्या होकाराशिवाय कुणालाच घरी जाता येणार नव्हतं. बापाकनी केव्हाच रिकामा झालेला चहाचा पेला पुन्हा तोंडाला लावला. वेनिंगला त्यांची खरोखरच दया आली, आणि नोकरीची भीती त्याहून जास्त वाटली. भिंत तर तिने डोळ्यांनी बघितली होती.

"तसंही म्हणता येईल," ती म्हणाली.

सदर भिंत ही भिंत नसून तिचा आभास आहे, असा ठराव झाला. कंत्राट वाढलं. सगळ्यांनी तिची पाठ थोपटली.

तुम्हाला वेनिंगचा राग आला, हे बरंच झालं. शास्त्राची चाड असलेली माणसं आता कमीच उरलीत. तुमच्या सोसायटीची गच्ची गळत नाही, हे परवाच्या सभेत सर्वानुमते मंजूर झालं, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या टिपणीसबाई उभ्या राहून काहीतरी सांगत होत्या. तुम्ही घड्याळ बघत होतात.