खोलून पाहणारे मुखरूभाऊ

प्रिय रेवती आणि ईशान,

परवा व्हिडिओ कॉलवर माझ्यामागे एक माणूस जमिनीवर आडवा पडून, तोंडात बॅटरी धरून कॉम्प्युटरच्या पोटात बघत होता. "आजी, हा मेकॅनिक आहे का?" तुम्ही दोघांनी एकदम विचारलंत. मी "नाही" म्हणाले, तेवढ्यात त्या माणसाने भलताच प्लग उपटला आणि तुम्ही गायब झालात. अर्धं उत्तर देऊन ठेवणं मला जमत नाही, म्हणून उरलेलं लिहून पाठवते.

ते आपले शेजारी, मुखरूभाऊ. कुठलीही वस्तू स्वतःबद्दल जे सांगते त्यावर त्यांचा विश्वास नाही. "खोलून पाहा लागते, बाई," हे त्यांचं वाक्य. (मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, म्हणून अख्खी आळी मला बाई म्हणते.) नवं घड्याळ आणलं की ते आधी त्याची पाठ उघडतात, मग वेळ बघतात. मला ताप आला तेव्हा थर्मामीटर बघून म्हणाले, "याले काय समजते?" मग माझ्या कपाळाला हात लावला आणि थर्मामीटर झटकून परत दिला, पुन्हा नीट सांग म्हणून. पुतण्याच्या लग्नात आहेराचा खोका त्यांनी देणाऱ्यासमोरच उघडला आणि भर मांडवात जाहीर केलं, "डिनरसेटच हाये!"

त्यांच्या पत्नी पार्वताबाई म्हणतात, "देवाचा नारळही हे फोडाच्या आंदी खोलून पायतीन."

त्यांचा कॉम्प्युटर घरात धानाच्या पोत्यांना लागून ठेवलेला असतो आणि त्याचं बाजूचं झाकण कायम काढलेलं असतं. आत काय चाललंय ते दिसायला हवं ना! परवा तोच डबा खांद्यावर घेऊन ते आले. मागून कॉम्प्युटरचा पडदा घेऊन पार्वताबाई.

"बाई, हा खोटा बोलून राहिला. आठ टाकले, चारच सांगते. बाकीचे चार गेले कुठं?"

आत मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या, चार-चार जीबीच्या. पडद्यावर मात्र एकूण चारच दिसत होते. मी म्हटलं, ओळीने जाऊ. त्यांना वीज बंद करायला सांगितली. (तुमचा प्लग गेला तो याच वेळी.) एकेक पट्टी एकेका खाचेत बसवून पाहिली. पहिल्या खाचेत दोन्ही पट्ट्या चालल्या, दुसरीत एकही नाही. म्हणजे पट्ट्या ठणठणीत, दुखणं खाचेला.

मुखरूभाऊ पुन्हा बॅटरी घेऊन आडवे झाले. "हाये, हाये! काहीतरी हाये!" मी काटा काढायचा चिमटा दिला. खाचेतून निघालं धानाचं एक फोलपट.

पार्वताबाई हसून हसून खाली बसल्या. "झाकन लावाले काय झालं होतं? पाहून पाहून तुमीच धान पेरलं त्याच्यात!"

पट्ट्या बसवल्या, कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर आठ आले. मला वाटलं, आता विजयाचं भाषण होणार. पण मुखरूभाऊ हळूच म्हणाले, "बाई, थे गावचे फोटो तेवढे पाहून देता काय?"

त्यांचं गाव वैनगंगेच्या काठावर होतं. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं, गाव उठलं. निघण्याआधी त्यांनी कुणाचा तरी कॅमेरा मागून आणला आणि घराघराचा फोटो काढला. मेमरी अर्धी झाली म्हणजे अर्धं गाव गेलं, असं ते धरून बसले होते.

"अहो, ही मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा," मी म्हटलं. "फोटो कोठीत असतात. ओटा लहान झाला म्हणून कोठी रिकामी होत नाही. तुम्ही खोलून पाहिलं नाही का?"

ते म्हणाले, "नाई. हिंमत नाई झाली."

पार्वताबाईंचं हसू थांबलं. "म्हनून जेवन जाऊन नाई राहिलं काय तुमाले? मले सांगाचं होतं ना."

मी फोटो उघडले. घरामागून घर आलं, आणि प्रत्येकाचं दार सताड उघडं. काहींच्या आत तर बांधलेलं सामान दिसत होतं. "सगळ्यायले म्हटलं, दार खोला, बंद दाराचा फोटो काय कामाचा?" मुखरूभाऊ सांगू लागले आणि मग थांबलेच नाहीत. कोणाच्या दारात कोण बसायचं, कोणाच्या चुलीचा धूर कोणाच्या घरात जायचा. एका दारात हातात सूप घेऊन तरुण पार्वताबाई रागाने बघत होत्या.

"मी म्हनत होती, फोटो कायले काढता, भांडे भरा," त्या म्हणाल्या आणि पडद्यावरची धूळ पदराने पुसली.

जाताना मुखरूभाऊंनी कॉम्प्युटरचं झाकण स्वतःच्या हाताने लावलं, चारही स्क्रू पिळून.

त्यांचं गाव पाण्याखाली आहे. दारं मात्र सगळी आहेत, आणि सगळी उघडी आहेत.

तुमची आजी