बर्फाचं पाणी आणि टर्बोची गाडी

"माळशेजच्या घाटात माझ्या गाडीपुढं कोन टिकतो, तेच बघतो मी!" टोकावड्याच्या प्रणयनं छातीवर हात मारून सांगितलं आणि मुरबाडला ओमकारच्या गॅरेजात वाद पेटला.

वाद कसला, तर थंडाव्याचा! टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाबली की हवा तापते, आणि तापली की गाडी मरगळते. म्हणून मधे इंटरकूलर बसवायचा. आता तो वाऱ्यावर थंड होणारा घ्यायचा की पाण्यावर?

"वाऱ्याचाच घे," ओमकार म्हणाला. तो प्रणयचा शाळेपासूनचा दोस्त. "तुला रस्त्यावरच चालवायचीय ना? पुढं बसवला, वारा लागला, काम झालं. ना पंप, ना टाकी. बिघडायला हाय काय त्यात?"

"आनि गाडी उभी असली की? तवा वारा कोन घालनार, तू?"

"उभ्या गाडीला ताकद कशाला पायजे रे?"

हे अगदी पटण्यासारखं होतं, म्हणून प्रणयनं ते ऐकलं नाही! पाण्याचाच इंटरकूलर बसला. डिकीत स्टीलची टाकी आली, टाकीत पाणी, पाण्यात कारखान्यातला बर्फ. पंप ते गार पाणी पुढं पाठवणार आणि गाडी वाघासारखी पळणार.

पळवायची मात्र सोय नव्हती. डोळखांबच्या वैष्णवीशी त्याचं कॉलेजपासून जमलेलं, आणि तिचे वडील भगीरथ येत्या रविवारी घर बघायला येणार होते. भाच्यानं त्यांना एकदा भरधाव गाडीतून थेट भाताच्या खाचरात उतरवलं होतं. तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं: "गाडी पळवनाऱ्याला पोरगी देनार नाय!"

"हळू चालव हां," वैष्णवीनं फोनवर बजावलं.

"हळूच गो! फक्त एका चढाला जराशी चुनूक दाखवीन."

"प्रणय!"

रविवारी प्रणय आणि त्याचे वडील कुंडलिक पाहुण्यांना आणायला मुरबाडला गेले. प्रणय एसटी स्टँडात शिरला, कुंडलिक बाजारात. पाहुण्यांसाठी त्यांनी झकास कोळंबी घेतली. डिकी उघडून बघतात तो काय, बर्फानं भरलेली टाकी! पोरानं एवढा विचार केलाय म्हणून बापाचा ऊर भरून आला. पिशवीत कोळंबी उबते, बर्फात मोकळी सोडली की ताजी राहते, हे घरात सगळ्यांना ठाऊक. त्यांनी पिशवी टाकीत उलटी केली आणि झाकण लावलं.

भगीरथ पुढच्या सीटवर बसले. पट्टा लावला, वरचं हँडल घट्ट धरलं आणि डोळे मिटले. गाव सुटेस्तोवर गाडी गुणी होती. मग चढ आला, पुढं गवताचा ट्रॅक्टर आला, आणि प्रणयला चुणूक आठवली. त्यानं पाय दाबला.

गाडी नुसती खोकली! पंपात कोळंबी अडकली होती. हवा तापली आणि गाडीतल्या कॉम्प्युटरनं घाबरून टर्बोच बंद केला. प्रणयनं पाय पार तळाला टेकवला, तरी ट्रॅक्टर पुढं पुढंच चालला. मागून एसटी गेली. टेम्पो गेला. मग दुधाचे कॅन लटकवलेली मोटारसायकल गेली, आणि वरून दूधवाल्यानं हातानं "काय झालं?" असं विचारलंसुद्धा! प्रणयच्या कपाळावर घाम आला. एवढी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

भगीरथांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मग हँडलवरचा हात सोडला. मग मान वळवून प्रणयकडं टक लावून बघितलं. गेलं लग्न, प्रणयला वाटलं.

घरी पोचल्यावर कुंडलिकांनी डिकी उघडली. "अरे, अर्धी कोलबी कुठं गेली?"

"बाबा, तुमी कोलबी यात टाकली?"

"मंग बर्फ काय पूजेला ठेवला होतास?"

पाण्यावर पंपातल्या तेलाचा तवंग आलेला. उरलेली कोळंबीही फेकावी लागली. आई सरस्वतीनं दोघांच्या नावानं खडे फोडले आणि डब्यातली सुकट काढून कालवण टाकलं. पाहुण्यांपुढं सुकट! प्रणयला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

भगीरथांनी भाकरीनं ताट पुसून घेतलं, ढेकर दिली आणि घसा साफ केला.

"कुंडलिकशेठ, मी लय पोरं बघितली. पावना गाडीत बसला की पळवून दाखवतात. ह्या पोरानं दूधवाल्यालासुद्धा वाट दिली! ताटात सुकट, उगाच थाट नाय. माझी पोरगी हितं सुखात ऱ्हाईल. मला पसंत हाय!"

प्रणयचा जीव असा भांड्यात पडला, की त्याला हसावं की रडावं तेच कळेना. तो पटकन वाकून भगीरथांच्या पाया पडला आणि बराच वेळ उठलाच नाही.

पाहुण्यांना एसटीत बसवून दिलं. संध्याकाळी वैष्णवीचा फोन आला.

"बाबा अख्ख्या पाड्याला सांगत सुटलेत, जावई देवमाणूस हाय म्हणून. एवढा गुणी तू नायस. खरं सांग, गाडीचं काय बिघडलं?"

प्रणयनं सगळं सांगितलं. पलीकडं ती हसून हसून बेजार झाली.

"उद्याच ओमकारकडं नेतो, पंप बदलून घेतो," तो म्हणाला.

वैष्णवीचं हसू एकदम थांबलं.

"खबरदार! अक्षता पडेपर्यंत त्या गाडीला हात लावायचा नाय!"