करंजाड्याची अंगाई, पनवेलचं घर

"आवाज वाढवण्याआधी तो कुठल्या घरी जातोय ते बघत जा," ड्युटीवर निघताना नवऱ्याने, सॅमने, हदासला बजावलं होतं.

"गाणंच आहे, गॅस नाही," म्हणत तिने ते उडवून लावलं.

एरवी ती काळजीखोर. राहायला करंजाड्यात, पण जीव अडकलेला जुन्या पनवेलमध्ये एकट्या राहणाऱ्या सासऱ्यांत. एलियासपप्पांचा शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, कडक. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत फोन उचलायचा नाही, बटणाला बोट लावायचं नाही. त्यांना निदान गाणी ऐकता यावीत म्हणून तिने आठवडाभर खपून, घरूनच कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर हुकूम टाईप केला की वाजणारा प्लेअर जुळवला होता. एक लिहिलं की तान्ह्या लेकीच्या, अबीच्या पाळण्याजवळचा लॅपटॉप गायचा, दोन लिहिलं की पप्पांचा शुक्रवारपासून चालूच ठेवलेला कॉम्प्युटर. पहिल्यांदा तिकडे गाणं लागलं तेव्हा पप्पा टोपी सावरत उभे राहिले होते. "कुणी हात लावला नाही, अन् सूर आला," एवढंच बोलले.

शनिवारी सकाळी अबीने भोकाड पसरलं. हदासने स्वतःच्याच आवाजातली अंगाई लावली. पाळण्याजवळ लॅपटॉप मुका. तिने आवाज साठ केला, ऐंशी केला, शेवटी शंभर. वाढला तो फक्त अबीचा.

तेवढ्यात पप्पांच्या शेजारच्या भीमाबाईंचा फोन. "पोरी, तुजं गानं पार मच्छीबाजारापर्यंत चाललंय. म्हाताऱ्याला इचारलं, बंद करू काय? तर म्हनतो, मी काय सांगू शकत नाय."

हदासने पडद्याकडे पाहिलं. एकच्या जागी तिने दोन लिहिलं होतं. आणि शब्बाथला दुसऱ्याला काम सांगणंही पप्पांना चालत नव्हतं.

"आता काय करताहेत?"

"डोले मिटून बसलाय. हाका मारल्या, आता बोलतबी नाय."

हदासला प्लेअर बंद करायचंही सुचलं नाही. अबीला खांद्यावर टाकून तिने रिक्षा पकडली.

गल्लीच्या तोंडाशीच तिचा आवाज तिला सामोरा आला. दोन खोल्यांत, मागे कुकरची शिट्टी होत असताना गायलेली अंगाई इथे आभाळाएवढी झाली होती. टोपल्या खाली ठेवून बायका ऐकत उभ्या होत्या.

पप्पा खुर्चीत निश्चल. "पप्पा?" तिने हात त्यांच्या नाकाशी धरला.

एक डोळा उघडला. "मेलो नाही. ऐकतोय."

तिने झटकन स्विचकडे हात नेला.

"मी काही सांगू शकत नाही," पप्पा म्हणाले, "पण खांद्यावर बघ."

एवढ्या गदारोळात अबी ठार झोपली होती.

तेव्हापासून हदास शनिवारी स्वतःच जाते. येत्या शनिवारी मात्र ती माहेरी, अलिबागला असणार. तेव्हा तिची तुम्हाला एकच विनंती: पनवेलला असाल तर पप्पांकडे डोकावून या. दार लोटलेलंच असतं. विचारू काही नका, सांगणार नाहीत. नुसता नाकाशी हात धरा. रागावतील, पण डोळा उघडतील.