बी विंगचा निष्कलंक जंतू

ताप उतरलेला माणूस हा पृथ्वीवरचा सर्वांत मोठा डॉक्टर असतो. त्याला तपासणी लागत नाही, रिपोर्ट लागत नाही. सकाळी उठून एक पोळी जास्त खाल्ली की तो स्वतःला रोगमुक्त घोषित करतो, आणि या घोषणेवर अपील नसतं.

माझी मैत्रीण शुभा कॉलेजपासून फटकळ. आता ती एका प्रयोगशाळेत मलेरियाच्या जंतूंवर काम करते. ऑगस्टमध्ये माझ्या सासऱ्यांना (सोसायटीच्या अनंतकाकांना) मलेरिया झाला तेव्हा तिने फोनवर एकच सांगितलं, "अस्मिता, ताप गेला तरी बाबांच्या गोळ्या मोजत जा."

"अगं, ते रिटायर्ड ऑडिटर आहेत," मी म्हटलं. "गोळ्या तेच मोजतात. आपल्याला फक्त हिशेब मिळतो."

तशी मी काळजीखोर बाई आहे. सई (वय तीन) झोपली की तिचा श्वास चालू आहे ना ते वाकून बघते, आणि माझ्या वाकण्याने ती उठेल की काय याचीही काळजी करते. पण ऑडिटरवर देखरेख ठेवणं मला उद्धटपणाचं वाटलं.

बाबांना झाला त्या प्रकारच्या मलेरियात उपचाराचे दोन भाग असतात. पहिल्या गोळ्या रक्तातले जंतू मारून ताप उतरवतात. दुसऱ्या, चौदा दिवसांच्या, यकृतात दडी मारून बसलेल्यांचा बंदोबस्त करतात. बाबांनी पहिला भाग शिस्तीत पार पाडला. दुसऱ्याच्या सुरुवातीलाच त्यांनी थर्मामीटर उजेडात धरला आणि शेरा मारला, "ताप निरंक. पुढील वापर अनावश्यक." मग उरलेली स्ट्रिप कात्रीने सरळ रेषेत कापली (औषधाचं नाव एका तुकड्यावर, एक्सपायरी दुसऱ्यावर) आणि खाली जाऊन सोसायटीच्या पेटीत टाकली.

आमच्या नवचैतन्य सोसायटीत (मुलुंड पूर्व, दोन विंग, एक लिफ्ट चालू) औषध-बचत पेटी आहे. बरं वाटू लागलं की उरलेलं औषध तिच्यात टाकायचं, बरं नसलं की तिच्यातून घ्यायचं, अशी ही सुटसुटीत योजना. डॉक्टरांचा वेळ वाचतो. माझ्या पाहणीनुसार पेटीतल्या दर शंभर नगांपैकी साठ हे कुणाच्या तरी कोर्सचा उत्तरार्ध असतात, पंचवीस कशावरचे हे कुणालाच ठाऊक नाही, चौदा अ‍ॅसिडिटीवरचे, आणि एक शर्टाचं बटण आहे. बटण आजवर दोघांनी घेतलं. दोघांनाही बरं वाटलं आणि दोघांनीही ते परत आणून दिलं. (सहकाराची भावना.)

पेटीची कल्पना चेअरमन लवू पेडणेकरांची. बाबांची स्ट्रिप त्यांनी स्वतः स्वीकारली.

"पण काका, कोर्स पूर्ण करायचा असतो ना?" मी विचारलं होतं.

"अगो, ताप गेलो मा?" ते म्हणाले. "मगे गोळी कित्याक फुकट घालवूची?"

यावर उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते शुभाकडे होतं.

ऑक्टोबरच्या उकाड्यात बाबा तीन गोधड्या घेऊन कुडकुडू लागले. डॉक्टरांनी नवं औषध सुरू करण्याआधी त्यांच्या बोटाचं थेंबभर रक्त जाड टीपकागदावर घेतलं, वाळवलं आणि बाबांच्या संमतीने शुभाच्या प्रयोगशाळेत पाठवलं. ऑगस्टच्या तापात घेतलेला थेंब तिथे आधीपासून होताच. तिथे जंतूची जनुकं वाचतात. औषधाला कसं चुकवायचं हे तो शिकला आहे का, ते बघतात. अशी पाळत ठिकठिकाणी ठेवली, तर औषध निकामी व्हायच्या आधी सुगावा लागतो.

"अर्धा कोर्स म्हणजे जंतूंची सराव परीक्षा," शुभा म्हणाली. "पेपर कसा येतो ते त्यांना आयतं कळतं. बरेचसे मरतात, पण जे वाचतात ते पुढे क्लास काढतात."

मुलुंडकर असल्यामुळे (आमच्याकडे दर जिन्यात एक क्लास) मला हे लगेच समजलं.

सोसायटीला मात्र फक्त 'पाळत' एवढंच ऐकू गेलं. रविवारी विशेष सभा भरली. विषय: 'बी विंगमधील जंतूवर बाहेरच्या संस्थेने पाळत ठेवणेबाबत.' आमच्या गेटवर पिझ्झावाल्याचा फोटो, नाव, नंबर आणि ओटीपी घेतल्याशिवाय त्याला आत सोडत नाहीत. डास घरचा असल्यासारखा येतो. तरीही सभेचा रोख प्रयोगशाळेवर होता.

"तो जंतू आमच्या विंगचा नाहीच," ए विंगच्या सुहासिनीताईंनी आधीच सांगून टाकलं. "तुमच्या कुंड्यांतला आहे. रिपोर्टात कळेलच."

"तुमच्या टाकीला झाकण नाही ते बघा ना आधी!" बी विंगमधून कुणीतरी ओरडलं.

सेक्रेटरी यज्ञेशने नियमावली उघडली. "अनंतकाकांच्या यकृतात कुणी राहत असेल, तर कायद्याने तो पोटभाडेकरू झाला. पोलीस व्हेरिफिकेशन लागेल."

"मेल्या," चेअरमन म्हणाले, "तेच्याकडे आधार कार्ड खंयसून येतला?"

शेवटी ठरलं की रिपोर्ट येईपर्यंत जंतूला तात्पुरता रहिवासी मानावं. त्याने लिफ्ट वापरू नये. (म्हणजे बाबांनी जिन्याने जावं. आम्ही चौथ्या मजल्यावर आहोत.) पेटीबद्दल अभिनंदनाचा ठराव एकमताने मंजूर झाला. मी हात वर केला नव्हता, पण सई माझ्या कडेवर होती आणि तिने केला.

बाबांना याही वेळी लवकरच झकास वाटू लागलं. फरक एवढाच की या खेपेस उरलेल्या गोळ्या त्यांनी पेटीत टाकल्या नाहीत. घरच्यांसाठी राखीव म्हणून उशीखाली ठेवल्या. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मग सईला ताप आला. मी गॅलरीत उभी राहून डॉक्टरांना फोन लावत होते. आत येऊन बघते तर बाबा तिला मांडीवर घेऊन बसलेले, आणि त्यांच्या पांढऱ्याशुभ्र बनियनवर मधाचा ओघळ. सईने तोंडातलं सगळं त्यांच्यावर फुर्रकन उडवलं होतं. चमच्यात अजून थोडी पूड होती.

"बाबा, काय दिलंत तिला?"

"अर्धीच दिली गं. माझीच गोळी. मला लागू पडलेली."

"तुम्हाला कुठे लागू पडली? तुम्ही ती पूर्ण घेतलीच नाहीत!"

मी शुभाला फोन लावला. ती ओरडली, आणि ती ओरडली की मला धीर येतो. या वेळी आला नाही. ती गोळी रक्ताची खास तपासणी केल्याशिवाय कुणालाच द्यायची नसते, काहींच्या रक्तपेशी तिने फुटतात, आणि लहान मुलाच्या बाबतीत तर स्वतःच्या मनाने अजिबात नाही. आम्ही रिक्षाने दवाखान्यात गेलो. नवरा केयूर ऑफिसातून परस्पर तिथे पोचला. रिपोर्ट यायला तास लागला. त्या तासाची आकडेवारी माझ्याकडे नाही.

सईला मलेरिया नव्हता. प्लेग्रुपमधल्या अर्ध्या वर्गाला असलेला साधा ताप होता, आणि पोटात गोळी जवळपास गेलीच नव्हती. औषधाला प्रतिकार करण्याचं तिचं कौशल्य, ज्यावर मी आजवर रडत आले, त्या दिवशी कामी आलं.

घरी आल्यावर बाबांनी स्वतःच उशी उचलली आणि स्ट्रिप माझ्या हातात ठेवली. "ऑडिटमध्ये गफलत सापडली," ते म्हणाले. मग बराच वेळ सईचे पाय चेपत बसले. तिचे पाय दुखत नव्हते.

पुढच्या आठवड्यात जनुकांचा रिपोर्ट आला. ऑक्टोबरचा जंतू ऑगस्टच्याच घराण्यातला निघाला. तो कुठून आला नव्हता, कारण तो कुठे गेलाच नव्हता. औषधाला दाद न देणारं एकही जनुक त्याच्यात नव्हतं.

"जंतू साधासरळ आहे गं," शुभा म्हणाली. "औषध दिलं तर बिचारा मुकाट्याने मरेल. औषधाला न जुमानणारा प्राणी तुमच्या सोफ्यावर बसलाय."

सोसायटीने पहिली दोनच वाक्यं घेतली. गेटवर फ्लेक्स लागला: 'बी विंगचा जंतू निष्कलंक! हार्दिक अभिनंदन.' त्यावर बाबांचा फोटो होता. ए विंगने आपलाही जंतू तपासावा अशी मागणी केली, पण त्यांच्याकडे तूर्त कुणी आजारी नव्हतं. सुहासिनीताई त्या आठवड्यात संध्याकाळी, डासांच्या वेळी, खिडक्या उघड्या ठेवत होत्या.

बाबांचा कोर्स डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. रोज गोळी घेतली की सई टॉर्च आणते. "आ करा. जीभ वर. आता हसा." माजी ऑडिटर जीभ वर करतात. (ही पाळत जनुकीय नसली तरी वंशपरंपरागत आहे. सई माझ्यावर गेली आहे.)

माझ्या लेखी अर्जावरून पेटी बंद झाली. पण आतल्या गोळ्या फेकणं सभासदांच्या जिवावर आलं. म्हणून त्या मेंटेनन्सप्रमाणे, कार्पेट एरियाच्या हिशेबाने, सर्व फ्लॅट्सना वाटल्या. थ्री बीएचकेवाल्यांना जास्त मिळाल्या. त्यांनी त्या नातेवाइकांत वाटल्या, भांडुप, घाटकोपर, बोरिवली, जिथे जिथे ज्यांचं कोण आहे तिथे. बटण चेअरमनांकडे आहे. त्यांना बरं वाटतंय.

म्हणून एक विनंती. हे वाचून झालं की उठा आणि फ्रिजवरचा बिस्किटांचा डबा काढा. तोच, ज्यात बिस्किटं नसतात. आत कात्रीने सरळ कापलेली एक स्ट्रिप असेल. तुम्ही आत्ता हसत असाल, पण ती आहे. ती ज्याची आहे, तो माणूस बहुधा टीव्हीसमोर मजेत बसला आहे. त्याच्या मांडीवर कुणी लहान असेल तर आधी त्याला उचलून घ्या. मग विचारा, कसं वाटतंय.

तो 'झकास' म्हणाला, तर तिथेच थांबू नका. त्याची उशी उचलून बघा.