हिरव्या सदऱ्याचा माणूस

मोतीलाल चुडामण पाटील भित्रा होता असं म्हणणं म्हणजे जळगावचा मे महिना जरा उबदार असतो असं म्हणण्यासारखं आहे. तो पालीला भ्यायचा, पोस्टमनला भ्यायचा, आणि रिक्षावाल्याने जरा मोठ्यांदा "सुट्टे द्या" म्हटलं तर सुट्टे नसल्याबद्दल त्याची माफी मागायचा. असा माणूस एक दिवस टीव्ही गेम विकत घेईल, असं त्याला स्वतःलाही कधी वाटलं नव्हतं.

पण अठ्ठ्याऐंशी सालच्या मे महिन्यात तो चुलतभावाच्या लग्नाला एकटाच सुरतेला गेला. (अर्धा खानदेश कामधंद्यासाठी सुरतेला असतो, आणि उरलेला अर्धा त्यांच्या लग्नांसाठी.) निघताना त्याच्या बायकोने, लताने, एकच गोष्ट बजावली होती, "येताना मिक्सर आणा. पाट्यावर चटण्या वाटून माझे खांदे गेले."

मोतीलाल मिक्सर घ्यायलाच दुकानात शिरला होता. पण काउंटरवरच्या टीव्हीला एक काळी पेटी जोडलेली होती आणि पेटीला एक दांडी होती. दुकानदार म्हणाला, "हलवून तर बघा, भाई." मोतीलालने घाबरत घाबरत दांडी हलवली, तर पडद्यावरच्या चौकटीचौकटीच्या माणसाने टुण्णकन उडी मारली. मोतीलालच्या सांगण्यावरून जगात कोणीतरी पहिल्यांदाच उडी मारली होती. ऑफिसातला शिपाईसुद्धा त्याने तीनदा सांगितल्याशिवाय पाणी आणत नसे. झालं, मिक्सर बाजूला राहिला.

जळगावला पिंप्राळ्यातल्या घरी खोकं उघडल्यावर लताने आत डोकावून पाहिलं.

"भांडं कुठंय ह्याचं?"

"हा मिक्सर नाहीये. टीव्ही गेम आहे. अगदी नवीन निघालाय. आधीच्यात म्हणे नुसता एक ठिपका इकडून तिकडे जायचा. ह्यात माणूस आहे."

"ह्यात चटणी होते?"

"नाही."

"मग काय होतं?"

"माणूस उडी मारतो."

"पडद्यावरचाच ना?" लताने विचारलं, आणि ती पाट्याशी जाऊन बसली.

आता खरी अडचण पुढे होती आणि तिचं नाव होतं धनसिंगभाऊ राजपूत. मोतीलालचं घर जोडघर होतं. मधे एक भिंत, आणि भिंतीपलीकडे त्याच्याच ऑफिसातले हेडक्लार्क धनसिंगभाऊ. भाऊंच्या मिशा भरघोस होत्या आणि बोलणं कमी होतं, त्यामुळे त्यांच्या मनात काय चाललंय ते मिशांवरून ओळखावं लागे. मोतीलाल इतकी वर्षं हंगामी क्लार्क होता. त्याला कायम करण्याची शिफारस ह्या महिनाअखेर भाऊंनी लिहायची होती आणि मग धुळ्याच्या मोठ्या ऑफिसातून ऑर्डर निघायची होती. शिफारस चुकली तर नोकरी संपली. मोतीलालला रात्री स्वप्नातदेखील मिशाच दिसत.

त्यात दोन्ही घरांना अँटेना एकच. गच्चीवर उंच पाइप, त्यावरून उतरलेली एकच तार, आणि खाली तिला फुटलेले दोन फाटे. एक भाऊंच्या रंगीत टीव्हीला, दुसरा मोतीलालच्या ब्लॅक अँड व्हाईटला. अँटेना बसवली त्या दिवशी भाऊंनी बजावलं होतं, "मोतीलाल, ह्या तारेला हात लावायचा नाही. तू तिकडे हात लावशील आणि इकडे माझ्या पडद्यावर मुंग्या येतील."

सुरतेच्या दुकानदाराने स्पष्ट सांगितलं होतं की अँटेनाची तार आधी काढा, मगच पेटीची जोडा. पण दुकानदार सुरतेत होता आणि भाऊ भिंतीपलीकडे होते. मोतीलालने अँटेनाची तार होती तशीच ठेवली आणि पेटीची तार तिच्यावरच गुंडाळून स्क्रू आवळला. भित्रा माणूस नियम मोडत नाही, तो नियमावर नियम गुंडाळतो.

संध्याकाळी टीव्हीवर लताचा ताबा असे आणि पलीकडे भाऊ घरी असत. म्हणजे खेळायचं तर दिवसा, भाऊ ऑफिसात असताना. मोतीलालने रजेचा अर्ज लिहायला घेतला. लिहायचं होतं "साधा ताप". पण साध्या तापाची कोणी चौकशी केली तर? घाबरून त्याने लिहून टाकलं, "टायफॉईड".

दुसऱ्या दिवशी भाऊंची स्कूटर गल्लीबाहेर पडली तशी मोतीलालने खिडक्या लावल्या, टीव्हीचा आवाज पार बंद केला आणि दांडी हातात घेतली. बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत होतं, आत मोतीलाल. दिवसा दूरदर्शन बंद असल्यामुळे पडदा सगळा त्याचाच होता. माणूस पळायला लागला. पहिला खड्डा पार, दुसरा पार, तिसरा पार, आणि चौथ्यात धप्प. पुन्हा पहिला, दुसरा, तिसरा, आणि चौथ्यात धप्प. दुपारपर्यंत तो माणूस चौथ्या खड्ड्याच्या तळाशी जणू राहायलाच गेला होता.

आणि तेवढ्यात मोतीलालच्या लक्षात आलं की माणसाने उडी मारली की कुठूनतरी "टुण्ण" असा आवाज येतोय. त्याने टीव्हीचं बटण तपासलं. आवाज बंदच होता. त्याने हळूच दांडी दाबली. "टुण्ण." भिंतीतून आला आवाज! मोतीलाल धावत स्वयंपाकघरात गेला.

"लता, माझ्या कानात टुण्ण वाजतंय."

"टायफॉईडने वाजतं," लता लसूण सोलत म्हणाली.

मोतीलालला ते एकदम पटलं. खोटा आजार लिहिला की तो खरा होतो, असं त्याची आई म्हणायची. संध्याकाळपर्यंत त्याने स्वतःची जीभ आरशात अनेकदा पाहिली. तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खेळायला बसलाच. आणि आता भिंतीतून नुसतं टुण्ण येत नव्हतं. माणूस खड्ड्यात पडला की पाठोपाठ बायकांच्या घोळक्याने सोडावा तसा उसासा येत होता.

तिसऱ्या दिवशी दारातून लताचा मुद्दाम चढवलेला आवाज आला, "या या, अक्का! हे झोपलेत आत!"

अक्का म्हणजे झुंबरबाई, धनसिंगभाऊंच्या आई; दूरदर्शन बंद असलं तरी त्या दिवसभर टीव्ही लावून बसत. मोतीलालने पेटीवर टॉवेल टाकला, टीव्हीचं शटर ओढलं आणि गोधडी डोक्यावरून घेऊन खाटेवर पडला. अक्का मुगाच्या पाण्याचा तांब्या घेऊन उशाशी बसल्या आणि त्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"व माय! तुनं आंग तर तवासारखं तपी राहिनं!"

(मे महिन्यात, बंद खोलीत, गोधडीखाली दुसरं काय होणार?)

"बरं आहे आता, अक्का."

"तू पडी रहाय. आमना घरमा तर नवीनच शे. दुपारले टीव्हीमा एक मानूस येस. हिरवा सदरा घालीसन पळस."

गोधडीखाली मोतीलालचं हृदय थांबता थांबता सावरलं. हिरवा सदरा! छे, आपला माणूस कुठला? आपला तर काळा-पांढरा आहे. दुसराच काहीतरी कार्यक्रम असेल.

"बिचारा पळस, पळस, आन् चौथा खड्डामा पडी जास," अक्का हळहळल्या. "रोज तठेच पडस."

मोतीलाल गोधडीत गार पडला. आपल्या टीव्हीवर सगळेच सदरे काळे-पांढरे असतात, ही गोष्ट त्याला नेमकी त्याच क्षणी आठवली.

"बठ्ठी गल्ली येस देखाले," अक्का सांगत होत्या. "मी तर मनुदेवीले नारय बोलेल शे. तो मानूस खड्डा पार करी गया का देवीले जासू. पन धनसिंग म्हनस, हाई परदेशी सिग्नल शे. पोलिसले सांगनं पडी."

अक्का गेल्यावर मोतीलाल उठून बसला, तेव्हा ताप नसूनही त्याचे दात वाजत होते.

"लता, त्याच तारेतून पलीकडे जातंय सगळं! परदेशी सिग्नल! मला बेड्या घालून नेतील. हंगामी माणसाला तर जामीनही मिळत नसेल!"

"काढा ती तार आधी," लता म्हणाली. "आणि नोकरी गेली तर मिक्सर मी माझ्या हाताने डोक्यात घालीन. आणाल तेव्हा."

त्याने तार काढली, पेटी तांदळाच्या डब्यामागे लपवली आणि खराखुरा आजारी माणूस होऊन पडून राहिला. चौथा दिवस शांततेत गेला. पाचव्या दिवशी सकाळी दार वाजलं. दारात मिशा होत्या.

"भाऊ... तुम्ही... ऑफिसला...?"

"आज नाही गेलो." धनसिंगभाऊ खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा ओढलेला होता. "आईने काल दुपारपासून अन्न सोडलंय."

"का?"

"तो टीव्हीतला माणूस येत नाही. ती म्हणते, तो मेला. चौथ्या खड्ड्यात मेला आणि कोणी बाहेर काढला नाही. ऐंशीच्या घरातली बाई आहे, मोतीलाल. दोन वेळच्या जेवणावर चालते. आज जेवली नाही तर काय करू सांग." मिशा थरथरल्या. "मला काही सुचत नाही. तुझी शिफारस तेवढी आज लिहायची आहे. आता ज्या मनःस्थितीत लिहीन, तशी होईल."

ते गेले. मोतीलाल भिंतीला टेकून उभा राहिला. खेळावं तर बेड्या, न खेळावं तर अक्का. भिंतीपलीकडे म्हातारीच्या कण्हण्याचा बारीक आवाज येत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःपेक्षा दुसऱ्या कोणासाठी जास्त भीती वाटली. तिच्याच हातचं मुगाचं पाणी तो प्यायला होता.

"काढा पेटी," लता म्हणाली. "पोलिसांचं मग बघू."

तार पुन्हा गुंडाळली. माणूस पडद्यावर आला आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडून किंकाळी आली, "उना व माय! जित्ता शे!" मग पावलं धावली, कड्या वाजल्या, गल्लीभर आरोळी गेली. मोतीलालच्या तळहातांना असा घाम फुटला की दांडी मासोळीसारखी निसटायला लागली. पहिला खड्डा पार, दुसरा पार, तिसरा पार, आणि चौथ्यात धप्प. पलीकडून उसासा. पुन्हा धप्प. पुन्हा उसासा. कोणीतरी बाई स्पष्ट म्हणाली, "येडा शे का काय हाऊ मानूस?"

"लवकर मारताय उडी!" लता कुजबुजली.

"भीती वाटते. खड्डा दिसला की दांडी आपोआप दाबली जाते."

"माणूस काठाला आल्यावर दाबा!"

धप्प. भिंतीपलीकडून अक्कांचा थकलेला आवाज आला, "जाऊ द्या व माय. त्यानं नशीबमा नही शे."

लताने पदर खोचला, नवऱ्याच्या हातातून दांडी ओढून घेतली आणि फतकल मारून बसली. पहिला, दुसरा, तिसरा, आणि चौथ्याच्या अगदी काठावर, जिथे मोतीलालने डोळे मिटून घेतले होते, तिथे तिने नुसतं बोट टेकवलं. माणूस पलीकडे उतरला आणि नव्या रानात पळायला लागला.

"निंघी गया! निंघी गया व माय!" पलीकडे टाळ्या, हसणं, भांड्यांचा खणखणाट. थोड्या वेळाने अक्कांचाच आवाज आला, "सूनबाई, वाढ वं मले. भूक लागनी." मोतीलालचे डोळे भरून आले. लताने मागे वळून पाहिलंदेखील नाही. ती पाचव्या खड्ड्यापाशी होती.

सोमवारी मोतीलाल ऑफिसात हजर झाला. धनसिंगभाऊंनी त्याला टेबलापाशी बोलावलं आणि एक कागद पुढे सरकवला. कायम करण्यास योग्य, खाली सही. मोतीलालने वाकून नमस्कारच केला.

"भाऊ, उपकार झाले! आणि तो... परदेशी सिग्नल... पोलीस..."

"मोतीलाल," भाऊ हलक्या आवाजात म्हणाले, "तुझा टायफॉईड आणि तो माणूस एकाच दिवशी सुरू झाले. तू तार काढलीस आणि दुसऱ्याच दिवशी आईचं जेवण गेलं. मी हेडक्लार्क आहे, गाढव नाही. शेवटी तुझ्या दारात येऊन बसलो, तो काय तुझी तब्येत बघायला?"

"मग... शिफारस?"

"तीन दिवस एकाच खड्ड्यात पडून ज्याला काहीच शिकावंसं वाटलं नाही, असा माणूस आपल्या खात्यात कायमच हवा." मिशा जराशा वर उचलल्या गेल्या. मोतीलालला कळलं की ह्याला हसणं म्हणतात. "आता घरी जा. आणि एक लक्षात ठेव. दांडीला तू हात लावायचा नाही. लताबाईंना बसव. आईला पुढचं रान बघायचंय."

तेव्हापासून दुपारी भिंतीच्या दोन्ही बाजूंना टीव्ही चालू असे, लता पडद्यासमोर बसे आणि गल्लीतल्या बाया पलीकडे. मनुदेवीला नारळ वाढवून झाला. आणि सुट्टीच्या दिवशी त्या सगळ्या गडबडीत स्वयंपाकघराच्या दारात पाट्याशी बसून, मिरचीने झोंबणारे डोळे पुसत चटणी वाटायचं काम मोतीलालकडे आलं, ते तसंच राहिलं.

पुढच्या वर्षी तो पुन्हा सुरतेला निघाला, तेव्हा काय आणायचं ह्याबद्दल त्याच्या मनात शंकाच नव्हती. तो थेट दुकानात गेला, डावीउजवीकडे न बघता मिक्सर घेतला आणि छातीशी धरून जळगावला आणला.

लताने खोकं उघडलं आणि आत डोकावून पाहिलं.

"हे काय? दांडी कुठंय ह्याची?" ती म्हणाली. "अहो, आता कॅसेट बदलायचा गेम निघालाय, तो नाही का आणायचा!"